उघड्यावर झोपलेला माणूस आणि पोलीस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात थंडीत रस्त्यावर राहणाऱ्यांबद्दल टिपण छापलं, त्यावर आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत पोलिसांविषयीच विचारणा आहे. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न बेळगाव भागातले, म्हणून राज्याचे कायदे कर्नाटकाचे. पत्रांतली माणसांची आणि पोलीस स्टेशनांची नावं काढली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकू. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे नंबर बदलले. जुना नंबर सांगितलात तर ‘तो कायदा गेला हो’ म्हणून परत पाठवतात. खाली नवे नंबर दिले आहेत, उत्तरांत ‘संहिता’ म्हटलंय ती हीच.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर रात्री दोन म्हातारी माणसं झोपतात. आमची काही हरकत नाही. पण गस्तीचे पोलीस काठी आपटून उठवतात, ‘स्टेशनला चला’ म्हणतात. उघड्यावर झोपणं गुन्हा आहे का? (निपाणी)

नाही. नुसतं झोपल्याबद्दल कलम नाही. जी कलमं पुढे केली जातात ती वेगळ्या कारणासाठी आहेत. कर्नाटक पोलीस कायदा १९६३ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद अवस्थेत सापडण्याचं एक कलम आहे. रस्त्यात पडलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या माणसाला ते लावायचं तर तो नामचीन चोर असला पाहिजे आणि तिथे का आहे याचा नीट खुलासा त्याला देता आला नसला पाहिजे. दोन्ही हवं, एकावर भागत नाही.

दुसरं, संहितेचं कलम १२८, म्हणजे जुनं १०९. दखलपात्र (म्हणजे पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात असा) गुन्हा करण्याच्या इराद्याने कोणी लपून राहतोय असं वाटायला कारण असेल तर त्याच्याकडून एक वर्षापर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेता येतो. तालुक्याच्या गावी हे प्रकरण बहुतेक तहसीलदारांपुढे जातं. आता महिनोन् महिने एकाच कट्ट्यावर, नगरपालिकेच्या दिव्याखाली, सगळ्या गल्लीच्या देखत झोपणारा माणूस लपला कुठे? हा प्रश्न तहसीलदारांपुढे विचारणारा कोणी नसतो, म्हणून कागदावर सह्या होऊन जातात.

तिसरं, कलम १७२, हे नवीन आहे. पोलिसाने दिलेला कायदेशीर आदेश पाळला नाही तर माणसाला बाजूला नेता येतं, ताब्यात घेता येतं. पण किरकोळ बाब असेल तर लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत सोडावं लागतं. हे कलम गुन्हा रोखण्याच्या प्रकरणात बसवलेलं आहे, रस्ता रिकामा दिसावा म्हणून नाही.

शिवाय तुमचे दोघे साठीच्या पुढचे असतील तर तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही. कलम ३५, पोटकलम ७. आजारी, दुर्बळ माणसालाही हेच लागू.

तुम्ही एक करू शकता. दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा : हे दोघे माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर माझ्या संमतीने झोपतात, रात्री अमुक वाजता येतात, पहाटे अमुक वाजता जातात. नाव, मोबाईल, ट्रेड लायसन्सचा नंबर, तारीख. एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्याकडे द्या, दुसरी स्टेशनला देऊन तिसरीवर पोच घ्या. मात्र कट्टा गटारावर बांधलेला असेल (आपल्याकडे बाजारपेठेतले अर्धे कट्टे तसलेच) तर ती जागा नगरपालिकेची, तुमच्या संमतीला वजन नाही. उलट तुमच्याच अतिक्रमणाची फाईल वर यायची. आधी टेप घेऊन जागा मोजा, मग चिठ्ठी लिहा.

प्रश्न : जत्रा किंवा कुणा मोठ्या माणसाचा दौरा असला की बसस्टँडवरच्या लोकांना रात्री गाडीत घालून महाराष्ट्राच्या हद्दीत सोडून येतात. तिकडून चारदोन दिवसांनी त्यातले काही चालत परत येतात. याला काही कायदा? (गावाचं नाव नको)

असा अधिकार कोणत्याच कायद्यात नाही. माणसाला हद्दीबाहेर घालवायचं तर तडीपारीचा हुकूम लागतो. त्याआधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग मुदत घातलेला लेखी हुकूम. यातलं काही नसताना गाडीत कोंबून नेलं तर तो बेकायदा अटकाव होतो. भारतीय न्याय संहिता (ही वेगळी, जुन्या दंडविधानाच्या जागी आलेली), कलम १२७ : एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सीमाभागात याचा फटका दुप्पट बसतो. हद्दीवरचं कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलकडे उतरवलेल्या म्हाताऱ्याची संध्या सुरक्षेची (कर्नाटक सरकारची म्हातारपणाची) पेन्शन इकडच्या खात्यावर, रेशनचं नाव इकडे, टीबीच्या गोळ्या इकडच्या सरकारी दवाखान्यात. तिकडे तो परका, इकडे गैरहजर. टीबीचं औषध मध्येच तुटलं तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, म्हणून ‘दोन दिवसांनी येतातच की परत’ हे उत्तर चालणार नाही.

तक्रार टिकत नाही ती पुराव्याअभावी. त्याच रात्री करायची कामं सांगतो. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. मागे राहिलेली बोचकी, काठी, चप्पल यांचे फोटो काढा. ११२ ला फोन करा, कोणी आलं नाही तरी कॉलची नोंद राहते. माणूस परत आला की त्याच्या परवानगीने त्याचं सांगणं मोबाईलवर घ्या : कुठे चढवलं, कुठे उतरवलं, किती जण होते, मारलं का. मारलं असेल तर आधी सरकारी दवाखाना. केसपेपरवर ‘पडून लागलं’ असं लिहू देऊ नका, कारण नंतर तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

मग स्टेशनला लेखी अर्ज द्या, की अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात ठाण्यांतलं चित्रण १८ महिने, यंत्रणा तेवढी नसेल तर निदान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. अर्ज नसेल तर कॅमेरा त्या दिवशी ‘बंद होता’ हे ऐकायची तयारी ठेवा. माहिती अधिकारात त्या रात्रीच्या स्टेशन हाउस डायरीची, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीची, नक्कल मागा. फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत असा नियम आहे. लांबलचक कैफियत लिहिणाऱ्यांचे अर्ज इथेच बाद होतात.

तक्रार कुणाकडे, यातही चूक होते. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतं. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर ही गावं जिल्हा पोलीस प्रमुखांकडे, म्हणजे एसपींकडे. एसपी ऑफिस बेळगावात असल्याने लोक दोन्हीकडचे अर्ज उलटसुलट देतात. माणूस पलीकडेच अडकला असेल तर तिकडच्या ठाण्यातही तक्रार देता येते. संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही, ती नोंदवून पुढे पाठवायची असते. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

प्रश्न : आमच्या गल्लीत भंगार वेचून जगणाऱ्या एकाला भिकारी म्हणून धरून बेळगावच्या निराश्रित केंद्रात नेलं. तो कुणापुढे हात पसरत नव्हता. सुटका कशी होईल? (बेळगाव तालुका)

हे कर्नाटक भिक्षाटन प्रतिबंध कायदा १९७५ प्रमाणे झालं असणार. या कायद्यात विनावॉरंट धरता येतं. नंतर दंडाधिकाऱ्यांपुढे थोडक्यात चौकशी होते आणि भिकारी ठरला तर कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीन वर्षं केंद्रात ठेवायचा हुकूम होऊ शकतो. ‘दोन दिवस ठेवून सोडतील’ म्हणून स्वस्थ बसू नका, चौकशीच्या दिवसापर्यंतचा वेळ सगळ्यात मोलाचा.

कायद्यातली भिकाऱ्याची व्याख्या फार ऐसपैस आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि भीक मागूनच जगत असेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतोय, एवढ्यावरही माणूस तिच्यात बसवता येतो. म्हणजे खरा वाद ‘हात पसरला का’ यापेक्षा ‘पोट कशावर भरतो’ यावर होतो. तेच सिद्ध करा. तो ज्या भंगारवाल्याला माल देत होता त्याच्याकडून चिठ्ठी घ्या : आठवड्याला साधारण किती किलो, किती रुपये, किती महिन्यांपासून. वहीतल्या त्या पानाचा फोटो जोडा. भंगारवाला स्वतः कोर्टात उभा राहिला तर उत्तम. पण ते लोक पोलिसांच्या भानगडीत पडायला घाबरतात, म्हणून चिठ्ठी पहिल्याच दिवशी घ्यावी. नातेवाईक न्यायला तयार असेल तर त्याने ओळखपत्र घेऊन त्याच दिवशी हजर राहावं.

वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्याला उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बेळगावात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरण, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. फोन १५१००. त्याच कलमात ‘बेगार’ शब्द येतो. तो वेठबिगारीसाठी आहे, भिकाऱ्यांसाठी नाही. काही अर्जलेखक तिथेच घसरतात.

याच कायद्यात सवलतीही आहेत. धार्मिक व्रत किंवा रूढी म्हणून, कुणाला त्रास न देता भिक्षा मागणारा त्यात येत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगवा मागणाऱ्यांना धरलं तर हा मुद्दा मांडायचा. खाजगी घराच्या दारात मागणाऱ्याला घरमालकाच्या तक्रारीशिवाय अटक नाही. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. इथे तो निकाल दाखवून माणूस आपोआप सुटत नाही.

आणि हे केंद्र आपल्याच पैशावर चालतं. घरपट्टीची पावती काढून बघा : आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय ६ टक्के, त्याखाली भिक्षुकांच्या नावाचा ३ टक्के. २ हजार रुपये पट्टी भरणारा वर्षाला ६० रुपये देतो. तिथे आत गेलेल्याला काय खायला मिळतं हे विचारायचा तेवढा हक्क पावतीतच आहे.

प्रश्न : बसस्टँडवर एक बाई आठवडाभर एकटीच बोलत बसते, पायाला मोठी जखम आहे. पोलीस म्हणतात हे आमचं काम नाही, दवाखाना म्हणतो नातेवाईक आणा. (खानापूर)

काम पोलिसांचंच आहे, आणि त्यात ‘करू शकतील’ असं काही नाही, ‘करावं’ असंच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. मानसिक आजार असावा आणि स्वतःची काळजी घेता येत नसावी असं वाटायला कारण असेल, तर हद्दीत फिरणाऱ्या अशा माणसाला स्टेशनच्या प्रमुखाने संरक्षणात घ्यायचं, लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. तपासणीत दाखल करण्याजोगं काही निघालं नाही तर घरी पोचवायचं, घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात. बेघर माणसाच्या बाबतीत हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधायचे तेही पोलिसांनीच. म्हणजे दवाखान्याने नातेवाईक मागणं हे उलटं झालं.

अर्ज कसा लिहिता यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘वेडी बाई उपद्रव करते, बंदोबस्त करावा’ असं लिहिलंत की तुम्हीच तिला हाकलायचं कारण हातात दिलंत. त्याऐवजी दिसतं ते लिहा : अमुक तारखेपासून फलाट क्रमांक दोनजवळ बसून आहे, डाव्या पायाच्या घोट्यावर जखम, त्यात किडे, दिलेलं जेवण घेत नाही, चालत्या बसच्या पुढे जाते, तेलुगूसारखी भाषा बोलते. शेवटची ओळ : ‘मानसिक आजार असावा असे वाटते, कलम १०० प्रमाणे कार्यवाही व्हावी.’ अर्ज नेताना तालुका दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही एक प्रत द्या, म्हणजे चेंडू इकडून तिकडे टोलवायला जागा उरत नाही. न्यायला महिला पोलीस असाव्यात असं त्यातच नमूद करा.

‘धारवाडला नेलं पाहिजे, गाडी नाही’ ही सबब नेहमीची. धारवाडची डिम्हान्स (मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) बेळगावपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, निपाणीहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण पहिली पायरी धारवाड नाहीच. जवळचं सरकारी केंद्र म्हणजे तालुका दवाखाना. तिथे जखम धुवायची, तपासायचं, मग गरज असेल तर पुढे पाठवायचं. काय करावं हे डॉक्टरांना सुचत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. पोलीस हलतच नसतील तर हेच सगळं दंडाधिकाऱ्यांना लिहून द्या. कलम १०२ खाली ते तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करायचा हुकूम देऊ शकतात.

हरवल्याची नोंद करताना एक विसरू नका. आपल्याकडे वर्णन जिल्ह्यात फिरतं आणि तिथेच थांबतं. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या नियंत्रण कक्षांना पाठवायला लेखी सांगा. बाई महाराष्ट्रातल्या चंदगडची असेल आणि चौकशी इकडे रामदुर्गात चालली असेल तर वर्ष गेलं तरी पत्ता लागायचा नाही.

प्रश्न : ताब्यात घेतलेल्यांकडून कन्नड कागदावर अंगठा घेतात. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही. (चिकोडी तालुका)

कारभाराची भाषा कन्नड असायला हरकत घेऊन उपयोग नाही, आणि इथे तो वाद ओढायचं कारणही नाही. मुद्दा अटकेच्या कारणांचा आहे. ती लेखी आणि त्या माणसाला कळेल त्या भाषेत द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. अंगठ्याशेजारी ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला’ अशी ओळ आणि सांगणाऱ्याची सही मागा. सांगितला नसेल तर तसं दंडाधिकाऱ्यांपुढे बोलायला त्याला तयार करा, तिथे त्याला मराठीत बोलता येतं.

अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते, संहितेचं कलम ३६. आणि अटक कळवायला नातेवाईकच हवा असं नाही, मित्र किंवा तो सांगेल ती व्यक्ती चालते, कलम ४८. घरदार नसलेल्याने स्टँडवरच्या चहावाल्याचं नाव सांगितलं तर चहावाल्याला फोन गेला पाहिजे. म्हणून अशा लोकांना एक मोबाईल नंबर पाठ करून घ्यायला लावा. खिशातली चिठ्ठी भिजते, हरवते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीनदार मिळाला नाही आणि आठवडा झाला तर माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायचं असतं, कलम ४७८.

प्रश्न : आधार कार्ड नाही म्हणून पोलीस दरडावतात. ते जवळ बाळगणं सक्तीचं आहे का? (अथणी)

नाही. पण काहीतरी कागद असलेला बरा, आणि बेघराला मतदार कार्ड मिळू शकतं हे फार थोड्यांना ठाऊक. फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. बीएलओने (मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने) एकाहून जास्त रात्री तिथे येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. पत्त्याचा कागद लागत नाही. मात्र त्या रात्रींत पोलिसांनी उठवलं तर पडताळणी फसते, म्हणून बीएलओची तारीख बीट पोलिसाला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : कारखान्याच्या हंगामात आलेल्या टोळीच्या कोप्या आणि गावाबाहेर उतरलेल्या भटक्यांची पालं, दोन्हीकडे चोरी झाली की पहिली झडती. (रायबाग तालुका)

ऊसतोडीच्या टोळीचं सोपं आहे. मुकादम आणि कारखान्याचा शेतकी विभाग यांच्याकडे नावांची यादी असते, हंगामाच्या सुरुवातीलाच तिची प्रत स्टेशनला द्यावी. भटक्यांचं अवघड, कारण तिथे जुना शिक्का काम करतो. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तरी ‘त्यांच्यातलेच असतील’ हे वाक्य अजून निवृत्त झालेलं नाही. जात हे संशयाचं कारण होत नाही. झडतीत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा पंचनामा आणि प्रत मागा. भांडी, मोबाईल, बायकांच्या अंगावरचं डोरलं ‘चौकशीसाठी’ नेऊन कागद दिला नाही तर ती वस्तू परत मागायला आधारच उरत नाही. मुलांना लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं, मुलांची हेल्पलाइन १०९८.

प्रश्न : मी स्वतः पोलीस खात्यात आहे. रात्री दोन वाजता म्हातारा माणूस कुडकुडताना दिसला तर त्याला ठेवू कुठे? गावात निवारा नाही. लोक मात्र आम्हालाच नावं ठेवतात. (नाव छापू नये)

तुमची अडचण खरी आहे. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक असं धरलेलं. बेळगाव त्यात बसतं, निपाणी-खानापूरसारखी गावं बसत नाहीत. म्हणजे छोट्या गावात माणूस बेघर असतो, पण हिशोबात नसतो. तरी नगरसभेला स्वतःच्या खर्चाने जागा द्यायला कोणी अडवलेलं नाही. जुनी शाळाखोली, संडास, पाण्याचा नळ, वीस सतरंज्या, रात्रीचा एक रखवालदार, एवढ्यावर थंडीचे तीन महिने निघतात. मुख्याधिकाऱ्यांना स्टेशनकडून पत्र गेलं, त्यात तुमच्या गस्तीत रोज किती माणसं उघड्यावर दिसतात तो आकडा असला, तर नुसत्या नागरिकांच्या अर्जापेक्षा ते लवकर वाचलं जातं. बीटच्या वहीत रोजचा आकडा लिहायला आजपासून सुरुवात करता येईल.

रात्रीपुरतं म्हणाल तर आजारी असेल त्याला १०८ ने दवाखान्यात. बाई असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि जिल्ह्याचं सखी केंद्र (संकटातल्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र), तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. घरच्यांनी टाकलेला म्हातारा असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, आणि सकाळी प्रांतांच्या, म्हणजे एसींच्या कार्यालयात आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली पोटगीचा अर्ज. ज्येष्ठाला सोडून देणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. बाकीच्यांना निदान उठवू नका. फारच आडवा आला असेल तर चार पावलं सरकवा, आणि सरकवताना घोंगडं त्याच्याबरोबरच जाऊ द्या.